मनातली पाल आणि फुंकलेलं ताक

मागच्या पावसाळ्यात मी एका मित्राला माफीचा मेसेज लिहायला बसलो होतो. तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं आणि चूक माझी होती. मराठीत ‘मला माफ कर’ असं लिहिलं की उगाच नाटकी वाटायला लागतं. म्हणून आपल्यातले बरेच जण करतात तेच मीही केलं, इंग्रजीत लिहायला घेतलं. ‘आय ॲम सॉरी, आय’ इथवर आलो आणि अडलो. मी तुझ्यावर अविश्वास दाखवला, एवढंच लिहायचं होतं. कीबोर्डने दोन शब्द पुढे केले. मिसट्रस्ट आणि डिस्ट्रस्ट.

दोन्हींचा अर्थ अविश्वास. मग शब्द दोन कशाला? आणि माझ्या हातून घडला तो यांतला कुठला? मेसेज राहिला बाजूला, मी शब्दकोश उघडला. तिथून जो भरकटलो तो थेट माझ्या जिल्ह्यात येऊन पोचलो, नगरला. कागदोपत्री आधी अहमदनगर, आता अहिल्यानगर. आम्ही जिल्ह्यातली माणसं बोलताना नुसतं ‘नगर’ म्हणतो. या दोन इंग्रजी शब्दांतला फरक मला कोशात अर्धा कळला. उरलेला अर्धा कळला तो नगरच्या दोन जुन्या गोष्टींमुळे, आणि आजीच्या एका वाक्यामुळे.

एक शब्द की दोन?

‘ट्रस्ट’ हा शब्द इंग्रजीत आला तो नॉर्स लोकांच्या भाषेतून. त्याच्या आधी लागलेला ‘मिस’ हा इंग्रजीचा जुना, घरचा उपसर्ग. अर्थ चुकीचं, वाईट. मिसअंडरस्टँडिंग म्हणजे गैरसमज, तसं. ‘डिस’ हा लॅटिनकडून आलेला. त्यात वेगळं होण्याचा, दूर सारण्याचा भाव आहे. मिसट्रस्ट जुना, चौदाव्या शतकापासून वापरात असलेला. डिस्ट्रस्ट त्याच्या मागून आला. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतो. पण जपून लिहिणारे एक फरक करतात. काही कारण हाताशी नसताना मनात आपोआप उगवतो तो मिसट्रस्ट. आधी काहीतरी भोगलेलं असतं, फसवणूक झालेली असते, तिच्या अनुभवातून येतो तो डिस्ट्रस्ट.

मराठीत या भावनेला शब्दांचा तोटा नाही. अविश्वास आहे, संशय आहे, शंका, वहीम, किंतु आहे. ‘विश्वास ठेव’ म्हटलं की ‘विश्वास गेला पानिपतात’ म्हणणारा एकतरी जण प्रत्येक कट्ट्यावर असतो. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांच्या नावावर आपण अडीचशे वर्षं हा विनोद करतो आहोत. पण उगाच आलेला अविश्वास आणि अनुभवाने आलेला अविश्वास, असे दोन वेगळे शब्द काही मला सापडेनात.

शेवटी आजीला विचारलं. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. आजीला लिहिता-वाचता येत नाही. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. माझा प्रश्न तिने दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, “त्यात काय एवढं? एकात मनात पाल चुकचुकती. अन् दुसऱ्यात, दुधानं तोंड पोळलं म्हणून माणूस ताक फुंकून पितो.”

कोशात जे काही सापडलं होतं ते सगळं या दोन वाक्यांत आलं. मराठीने शब्द दोन केले नाहीत, पण म्हणी मात्र दोन ठेवल्या. पाल चुकचुकली म्हणजे काय झालं, हे कुणालाच सांगता येत नाही. ताक फुंकणाऱ्याला मात्र विचारा, तो कधी, कुठे आणि कोणत्या दुधाने पोळला ते तारखेसकट सांगेल.

पाल: किल्ला, १६००

नगर शहराचा भुईकोट किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ ते १९४५ या काळात ‘छोडो भारत’ आंदोलनातले बडे नेते इथे कैदेत होते. १९४४ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक इथेच लिहिलं. त्या पुस्तकात त्यांना चांदबीबीची आठवण होते, आणि तिला तिच्याच माणसाने मारलं याचीही.

चांदबीबी ही नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. १५८० मध्ये अलीचा खून झाल्यावर गादीवर आलेल्या लहानग्या इब्राहिमच्या वतीने तिने तिथला कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद नगरवर चालून आला तेव्हा इथे राज्य असं उरलंच नव्हतं. सरदारांचे गट होते आणि प्रत्येक गटाचा आपापला वारस होता. किल्ल्याचा बचाव चांदबीबीने हाती घेतला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. तेव्हा ती तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन त्या खिंडारात जाऊन उभी राहिली, आणि रात्रीतून तट पुन्हा उभा करून घेतला. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेलं, नगर वाचलं.

चार वर्षांनी मोगल परत आले. या वेळी अकबराचा दुसरा मुलगा दानियल आणि सेनापती खानखानान. आतली फाटाफूट तशीच होती, मदतीला येणारं कुणी नव्हतं. चांदबीबीने हिशेब केला. किल्ला टिकणार नाही. तो देऊन टाकावा आणि त्या बदल्यात लहान बहादूर निजामशहाला घेऊन सुखरूप जुन्नरला जाऊ द्यावं, अशी बोलणी करावीत. हा विचार तिने हमीदखान नावाच्या सरदाराजवळ बोलून दाखवला. तो तिथून धावत बाहेर पडला आणि ओरडत सुटला, की चांदबीबी मोगलांना फितूर झाली, ती किल्ला विकते आहे. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारलं.

ही हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो नगरशी संबंध नसलेला दूरचा माणूस नव्हता. त्याची उमेदीची वर्षं नगरच्याच दरबारात गेली होती, नंतर तो विजापूरला गेला.

चांदबीबी गेल्यावर किल्ला वाचला का? नाही. १६०० च्या ऑगस्टमध्ये मोगलांनी तट उडवला आणि नगर घेतलं. बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. ज्याला ती जुन्नरला नेऊ पाहत होती, तोच हा मुलगा.

या घटनेत मला खटकतं ते वेगळंच. अफवा शंभर टक्के खोटी नव्हती. ती बोलणी करायचं म्हणतच होती. पाल बहुतेक वेळा अर्ध्या खऱ्यावरच चुकचुकते, म्हणून ती पटते. पण उरलेलं अर्धं खरं त्या जमावाच्या डोळ्यांसमोर होतं. ज्या तटामागे ते उभे होते तो चारच वर्षांपूर्वी तिने रात्रीतून बांधून घेतला होता. अनुभव एक सांगत होता आणि आरोळी दुसरंच. लोकांनी आरोळी ऐकली.

आता योगायोग पाहा. याच्या आदल्या वर्षी, १५९९ च्या सप्टेंबरात, एका स्विस प्रवाशाने लंडनमध्ये ज्युलियस सीझरवरचं नाटक पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. ते शेक्सपिअरचंच, असं अभ्यासक मानतात. त्याच्या शेवटच्या अंकात रणांगणावर कॅशियस आपल्या मित्राला समोरची फौज कुणाची आहे ते पाहायला पाठवतो. टेकडीवरून एक नोकर ओरडून सांगतो, की घोडेस्वारांनी त्याला घेरलं. मित्र शत्रूच्या हाती सापडला असं समजून कॅशियस त्याच नोकराच्या हातून स्वतःला मारून घेतो. प्रत्यक्षात ते घोडेस्वार आपलेच असतात. विजयाची बातमी देऊन ते मित्राला शाबासकी देत असतात. थोड्या वेळाने कॅशियसचं प्रेत पाहून मेसाला हे कशाने घडलं ते सांगतो, आणि तिथे शेक्सपिअर जो शब्द वापरतो तो मिसट्रस्ट. घोडेस्वार खरे होते, घेरा खरा होता, अर्थ तेवढा चुकला. तिकडे रंगमंचावर आणि इकडे किल्ल्यात, जेमतेम वर्षाच्या अंतराने, एकाच शब्दाने माणसं मेली.

मराठी रंगभूमीने याच पालीवर लोकांना पोट धरून हसवलंही आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून आलं. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची. आधीच्या गद्य रूपात त्याचं नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ असं होतं. सगळा गोंधळ होतो तो एका तसबिरीमुळे. ती भलत्याच्या हातात दिसते आणि फाल्गुनरावांच्या मनात जी पाल चुकचुकते ती शेवटच्या अंकापर्यंत थांबत नाही. आजच्या भाषेत म्हणायचं तर एका स्क्रीनशॉटवरून घर पेटतं. नाटकात शेवटी सगळं उलगडतं म्हणून आपण हसतो. किल्ल्यात उलगडायला कुणी थांबलं नाही.

ताक: मे १८७५

दुसरी गोष्ट आमच्याच तालुक्याची आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजार भरला होता. आसपासच्या गावांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात आलं. श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं उठली. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. एकूण ९५१ लोकांना अटक झाली.

दंगा म्हटलं की डोळ्यांसमोर मारामारी आणि लूटमार येते. काही ठिकाणी घरं जाळली गेली, सामान लुटलं गेलं, हे खरंच. पण जीव घेण्याचे प्रकार झाले नाहीत म्हटलं तरी चालेल. शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. कर्जाची खतं, रोखे, हुकूमनामे. सावकाराने ते निमूट काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद चौकात आणायचे, पेटवायचे आणि घरी जायचं.

कागदावर एवढा राग का? कारण तो कागद एकालाच वाचता येत होता. कुणबी सही करू शकत नसे. जुन्या मराठी कागदांवर त्याच्या नावाखाली नांगराचं छोटं चित्र असतं आणि शेजारी कारकुनाने लिहिलेलं असतं, ‘निशाणी नांगर’. म्हणजे ज्या नांगराने पोट भरायचं त्याचंच चित्र काढून, वाचता न आलेल्या मजकुराला होकार द्यायचा. त्या मजकुरात काय लिहिलं आहे, परत केलेले पैसे जमा झाले की नाही, हे तो सांगेल त्यावर मानायचं. पैसे भरले तरी पावती मिळेलच असं नव्हतं.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. कर्जखत तीनच वर्षं चालेल, पुढे त्यावर दावा करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत रद्द करून नवीन लिहून घेऊ लागला आणि आधीचं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागलं. समजा शंभर रुपये, दरसाल दरशेकडा २४ या दराने, आणि मधे काहीच फेडता आलं नाही. तीन वर्षांनी नवं खत १७२ रुपयांचं. सहा वर्षांनी २९५ च्या वर. नऊ वर्षांनी ५०८. घेतले होते शंभर. कागद मात्र प्रत्येक वेळी ‘नवं कर्ज रोख मिळालं’ असं सांगत असे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं तेव्हा तिथला कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडला. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. सारा रोखीने भरायचा, रोख सावकाराकडे, आणि सावकाराकडे तो कागद. कोर्टात गेलं तर न्यायाधीश कागद पाहणार. त्याच्या मागे काय घडलं, ते कुणी विचारणार नाही.

हा डिस्ट्रस्ट. ही पाल नव्हती. पोळलेलं तोंड होतं, एकदा नव्हे, दर तीन वर्षांनी. याच काळात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. १८८३ मध्ये तो लिहून पूर्ण झाला. अक्षरशत्रू शेतकरी कागदांच्या आणि कचेऱ्यांच्या जाळ्यात कसा नागवला जातो, हे त्यात त्यांनी मांडलं आहे.

पण इतिहास इतका स्वच्छ नसतो. १८७५ मध्येही ताकाच्या भांड्याशेजारी पाल होतीच. वरून हुकूम आला आहे, सावकारांनी खतं परत द्यायची आहेत, अशी आवई गावोगाव उठली होती. ती खोटी होती. शिवाय राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. स्थानिक सावकारही खतं तशीच लिहून घेत होते, पण बरेच ठिकाणी ते सुटले. हिशेब कागदाचा होता, वसूल झाला तो माणूस ‘बाहेरचा’ आहे म्हणून. अनुभवातून आलेला अविश्वासही गर्दीत शिरला की त्याची पाल व्हायला वेळ लागत नाही.

अविश्वासाचा कायदा

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. त्याने सावकारी संपली नाही, कर्जही संपलं नाही. तरी त्यातल्या तरतुदी वाचताना मी चकित झालो. न्यायाधीशाने फक्त खत पाहायचं नाही, त्याच्या मागचा व्यवहार सुरुवातीपासून तपासायचा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच व्हायचा, म्हणजे मजकूर तिसऱ्या माणसासमोर उघड होणार. पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा शेतकऱ्याला हक्क. वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क. पासबुक मागण्याचा हक्क.

म्हणजे शेतकऱ्यांनी चौकात जी तक्रार जाळून सांगितली होती तीच कायद्याने कलमांत लिहिली. कुणाच्या शब्दावर जाऊ नका, दोघांकडे एकच हिशेब असू द्या. मराठीत याला एक सुंदर शब्द आहे, खातरजमा. अविश्वास आला की माणसापुढे दोन वाटा असतात. संबंध तोडायचे किंवा खातरजमा करायची.

आमच्या जिल्ह्याने पुढे दुसरी वाट बरीच लांबवर नेली. इंग्रजीतला ‘क्रेडिट’ हा शब्द ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. आपण त्याला ‘पत’ म्हणतो. फारसं शिक्षण नसलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीत शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी काढली, आणि पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. सहकाराचा पाया विश्वास, असं भाषणांत सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. सहकाराचा पाया म्हणजे प्रत्येक सभासदाला हिशेब पाहण्याचा आणि वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारण्याचा हक्क. जिथे लोकांनी तो वापरणं सोडलं तिथे काय झालं, हे पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या माणसांना विचारा.

आजीच्या घरात दारामागे एक तार टांगलेली आहे, खाली आकडा वाकवलेली. तिच्यात पावत्या टोचलेल्या असतात. सोसायटीच्या, विजेच्या, खताच्या दुकानाच्या. तिला वाचता येत नाही. रंगावरून आणि आकारावरून ती ओळखते. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. ओळखीच्या दुकानदाराकडेही ती पावतीसाठी अडून बसे. एकदा मी म्हणालो, अगं तो आपल्या गावचा आहे. ती म्हणाली, “कागद मागायला लाजायचं नसतं. माणूस चांगला असंल तर राग धरत न्हाई.”

माझं प्रकरण

आता मित्राची गोष्ट. २०२१ मध्ये मी पुण्यात राहत होतो. माझा रूममेट पारनेरचा. खोलीचं डिपॉझिट भरायला पैसे कमी पडले म्हणून मी फोनवरच्या एका ॲपवरून थोडं कर्ज घेतलं. पाच मिनिटांत काम झालं. त्या पाच मिनिटांत मी तीन-चार वेळा ‘अलाऊ’ आणि एकदा ‘आय ॲग्री’ दाबलं. काय लिहिलंय ते वाचलं नाही. मला वाचता येत होतं, तरीही. निशाणी नांगर.

हातात आले ते मागितल्यापेक्षा कमी. फेडायचे मात्र पूर्ण, वर व्याज. मुदत चुकली आणि आठवड्याभरात गावाहून चुलत्यांचा फोन आला. तू कर्ज बुडवलंस म्हणून मला मेसेज आलाय, काय भानगड आहे? माझ्या कर्जाबद्दल जगात एकाच माणसाला माहीत होतं, रूममेटला. मनात पाल चुकचुकली. मी त्याला काही विचारलं नाही. त्याच्याशी बोलणं तोडलं आणि महिन्याभरात खोली बदलली.

खरं काय ते मला खूप उशिरा कळलं. चुलत्यांचा नंबर ॲपकडे माझ्याच फोनमधून गेला होता. माझी सगळी संपर्कयादी मी स्वतः ‘अलाऊ’ म्हणून दिली होती. अशा तक्रारी देशभर एवढ्या झाल्या की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले. कर्जाआधी सगळा खर्च स्पष्ट लिहून द्या, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. ठरावीक दिवसांत विचार बदलला तर कर्ज परत करण्याची मुभा द्या. कर्जदाराच्या फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉलचा इतिहास यांना हात लावू नका. हे वाचताना मला १८७९ चा कायदा आठवला. शंभराहून जास्त वर्षांनी पुन्हा तेच सांगावं लागत होतं, पावती द्या, हिशेब दाखवा.

म्हणजे जिथे ताक फुंकायला हवं होतं तिथे मी घटाघट प्यालो, आणि जिथे पालीकडे दुर्लक्ष करायचं तिथे तिचं ऐकलं. ॲपवर शंका घेतली नाही. ज्याने तापात मला दोन रात्री जागून काढल्या त्या मित्रावर घेतली. त्याचं आजवरचं वागणं समोर होतं, माझ्या डोळ्यांदेखत होतं. मी ते तपासलंच नाही.

माझं नुकसान एका मैत्रीवर भागलं. सगळ्यांचं तसं भागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती भिक्षुकी करून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, सोलापूरकडून आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज फोनाफोनी फिरत होते, आणि ही माणसं अनोळखी होती. तेवढ्यावर झालं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हमीदखानाला धावत जाऊन ओरडावं लागलं होतं. आपल्याला अंगठा हलवला की पुरतं.

म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अविश्वास वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही. आजीची तार मला आता घरातली सर्वांत शहाणी वस्तू वाटते. प्रश्न एवढाच विचारायचा, हे मला कशावरून वाटतंय? अनुभवावरून असेल तर कागद मागावा, हिशेब मागावा, लाजू नये. नुसती पाल असेल तर त्या माणसाला सरळ जाऊन विचारावं. त्यालाही खातरजमाच म्हणतात.

इंग्रजी मेसेज मी पुसला. दोन शब्दांतला बरोबर कुठला, ते आता माहीत होतं, पण आजीचीच भाषा बरी वाटली. लिहिलं, “चुलत्यांचा फोन आला तेव्हा मनात पाल चुकचुकली आणि मी तिचंच खरं मानलं. तुला विचारलं नाही. चुकलो.”

दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं. “कळलं रे. पण एकदा विचारायचंस ना.”

या वेळी मी मेसेज लिहिला नाही. फोन लावला.